यवनांच्या पोथींतलें पैठण

वसमतेहून एका सुशिक्षित एकत्र कुटुंबांतील ताईंचें पत्र गेल्या महिन्यांत या सदराकडे आलें. पत्र चांगलें चार पानी असून घरांतील प्रत्येक वडील माणसाचें मत त्यांत निराळ्या परिच्छेदांत, कोणाचाहि अधिक्षेप न करतां, नोंदिलें आहे. थोडक्यांत हकीकत अशी. मुलगी बारावीची परीक्षा उत्तम गुणांनीं उतरली. संस्कृत हा तिचा आवडता विषय. मोठ्या शहरांतील एका खासगी विद्यापीठांत 'लिबरल आर्ट्स' नांवाची चार वर्षांची पदवी मिळते; ती घ्यावी व तींत प्राचीन ग्रीक आणि रोमन संस्कृतीचा अभ्यास करावा, असें तिच्या मनांत आहे. मामंजी म्हणतात, म्लेंच्छांची विद्या शिकावयास घर सोडून जाण्याचें प्रयोजन काय ? मोठे भाऊजी ज्योतिषाचे जाणकार. त्यांचें म्हणणें, आपल्याच शास्त्रांचें वाचन पुरें झालेलें नाहीं, तों परक्यांचीं शास्त्रें कशाला? मुलीच्या वडिलांची अडचण निव्वळ पैशाची आहे : एका वर्षाच्या शुल्कांत हळदीचें सबंध पीक जाईल. सासूबाईंचें मत एका ओळींत आटोपलें आहे, "पोरीला आवडतें ना, मग शिकूं द्या." थोरल्या चुलतभावाच्या अभियांत्रिकीच्या वेळीं यांतला एकहि प्रश्न निघाला नव्हता, हें ताईंनीं कंसांत लिहिलें आहे; तें कंसांतून बाहेर काढण्याचें काम मी पुढें करणार आहें. शेवटीं त्या विचारतात, या विद्येचा आपल्यासारख्या घराशीं संबंध तरी काय ?

भाऊजींपासून आरंभ करणें बरें, कारण त्यांचें उत्तर त्यांच्याच कपाटांत आहे. पत्रिकेंतील पहिलें, चौथें, सातवें व दहावें या स्थानांस केंद्र म्हणतात. त्यांलगतच्या स्थानांस पणफर आणि त्यापुढील स्थानांस आपोक्लिम. या शब्दांचे धातु पाणिनीच्या धातुपाठांत कितीहि शोधले तरी सांपडावयाचे नाहींत, कारण ते ग्रीक आहेत : केंत्रॉन, एपानाफोरा, आपोक्लिमा. विवाहाचें सातवें स्थान 'जामित्र' म्हणजे ग्रीक 'दिआमेत्रॉस'. पहिल्या स्थानाच्या अगदीं समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकास असलेलें, म्हणून तें नांव. 'होरा' हा शब्द तर उच्चारहि न बदलतां आला आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत पांच सिद्धांतांचें सार एका ग्रंथांत आणलें, त्यांत एक रोमक व एक पौलिश आहे. यवन म्लेंच्छ असले तरी हें शास्त्र त्यांच्या ठायीं नीट वसलें आहे, म्हणून तेहि ऋषींसारखे मान पावतात, अशा आशयाचें वचन त्यानें बृहत्संहितेंत निःसंकोच घातलें आहे. आमचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' ग्रंथांत यवनांचें ऋण किती व आपलें स्वतःचें किती, याची वजनकांट्यावर तोलावी तशी चिकित्सा केली. त्यांस त्यांत कमीपणा वाटला नाहीं. तेव्हां नातीच्या पत्रिकेंत जामित्रस्थान वडिलांनीं पाहावें आणि नातीनें मात्र त्या शब्दाचें मूळ पाहूं नये, हा न्याय मला उमजत नाहीं.

मामंजींच्या 'म्लेंच्छ' शब्दास उत्तर विदिशेजवळ बेसनगरास उभें आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत तक्षशिलेचा राहणारा, दिओनाचा पुत्र हेलिओदोर हा यवन राजा अंतलिकित याचा वकील म्हणून राजा भागभद्राच्या दरबारीं आला होता. त्यानें देवदेव वासुदेवासाठीं तेथें गरुडध्वज उभारला आणि त्यावर स्वतःस भागवत म्हणवून घेतलें. पंढरीच्या वाटेनें जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतील मंडळींस हा वकील फार परका वाटूं नये. कार्ल्याच्या लेण्यांत तर धेनुकाकट गांवच्या यवनांनीं खांबच्या खांब दान दिले आहेत, आणि त्यांचीं नांवें सिंहध्वज, धर्म अशा अर्थाचीं, चक्क आपल्या धाटणीचीं आहेत.

आतां 'लिबरल आर्ट्स' या नांवाविषयीं. पुष्कळ वडील माणसें या नांवानें बिचकतात. कांहीं मोकाट मतांची शाळा असावी असा त्यांचा समज होतो. शब्दाचें मूळ लॅटिन असून अर्थ सरळ आहे : जो दास नाहीं अशा स्वतंत्र मनुष्यानें शिकावयाच्या विद्या. मध्ययुगीन युरोपांत त्या सात मोजीत. पहिल्या तीन म्हणजे व्याकरण, तर्क व वक्तृत्व. पुढल्या चार म्हणजे अंकगणित, भूमिति, ज्योतिष व संगीत. आपल्याकडे जुन्या शास्त्र्यांस 'पदवाक्यप्रमाणज्ञ' हें बिरुद लावीत. पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा, प्रमाण म्हणजे न्याय. त्यांच्या तीन विद्यांशीं हें त्रिकूट ताडून पाहिलें तर व्याकरण व तर्क जुळतात आणि तिसऱ्या ठिकाणीं फांटा फुटतो. त्यांस नगरसभेंत व न्यायासनापुढें उभें राहून बोलावयाचें होतें, म्हणून वक्तृत्व. आपणांस विधिवाक्याचा अर्थ निर्दोष लावावयाचा होता, म्हणून मीमांसा. एका समाजानें बोलण्याची विद्या केली, दुसऱ्यानें अर्थ लावण्याची. अशा एका फरकावरून मुलीला सबंध वर्षभर विचार करतां येईल, आणि तो विचार तिनें करावा म्हणूनच अशी पदवी असते.

'दास नाहीं' या शब्दांवर मात्र थांबलें पाहिजे. अथेन्सच्या लोकसभेचे गोडवे गाणाऱ्यांनीं हें विसरूं नये कीं तेथें स्त्रियांस मत नव्हतें, परगांवच्या रहिवाशांस नव्हतें आणि दासांस तर नव्हतेंच. स्वतंत्र मनुष्याच्या विद्या या दासांच्या घामावर उभ्या होत्या. हें ऐकून आपल्या वाचकांनींहि फार सुखावूं नये. वेद कोणीं ऐकावा व कोणीं ऐकूं नये, याच्या याद्या आपल्या घरांतहि होत्या. दोन जुन्या संस्कृतींचा अभ्यास शेजारीं शेजारीं केला म्हणजे दुसऱ्याचा दोष दाखवितांना बोट आपोआप आंखडतें.

या विद्येविषयीं आपल्या मागच्या पिढ्यांच्या मनांत अढी होती, तिलाहि कारण आहे. इंग्रजांनीं १८५५ सालीं सनदी नोकरीची स्पर्धापरीक्षा सुरू केली तेव्हां ग्रीक व लॅटिन यांस प्रत्येकीं ७५० गुण ठेवले, आणि संस्कृत व अरबी यांस प्रत्येकीं ३७५. कोणाची विद्या पूर्ण व कोणाची अर्धी, हें गुणपत्रिकेवरच लिहिलेलें होतें. तरीहि आपल्या माणसांनीं त्या रागापोटीं विद्या टाकली नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं १८५२ सालीं सॉक्रेटिसाचें चरित्र मराठींत आणलें. इतिहासाचार्य राजवाडे, ज्यांस इंग्रजी राज्याचें वारें सोसत नसे, त्यांनीं प्लेटोचा 'रिपब्लिक' मराठींत उतरविला. विंदा करंदीकरांनीं १९५७ सालीं ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र दिलें. पु. ल. देशपांड्यांनीं ईडिपस राजाला मराठी बोलावयास लावलें. आपल्याकडे ग्रीस आला तो बहुतेक इंग्रजीच्या खिडकींतून आला, एवढेंच उणें.

हें उणें किती महागांत पडतें, तें आतां आपल्या मराठवाड्यावरूनच दाखवितों.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, सुमारें मध्यावर, मिसर देशांतील एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक वही लिहिली. तिला 'एरिथ्रा समुद्राचा पेरिप्लुस' म्हणतात. लेखकाचें नांव कोठें नाहीं. त्याला काव्याची हौस नव्हती. कोणत्या बंदरांत काय खपतें, काय मिळतें, वारा कोणत्या महिन्यांत धरावा, एवढेंच तो सांगतो. बारीगाझा म्हणजे भडोच. तेथपर्यंत आल्यावर तो म्हणतो, येथून दक्षिणेचा जो मुलूख लागतो त्यास 'दाखिनाबादेस' म्हणतात, कारण तेथल्या लोकांच्या भाषेंत दक्षिणेस 'दाखानोस' म्हणतात. हा शब्द पुन्हा वाचावा. ग्रीक प्रत्यय काढून टाकला कीं खालीं राहतें तें आपलें दखन. सातवाहनांच्या काळीं आपला पूर्वज 'दक्षिण' शब्द तोंडानें कसा उच्चारीत होता, त्याची एका परक्यानें कानानें ऐकून केलेली ही नोंद आहे. संस्कृत ग्रंथकार असा उच्चार लिहून ठेवणार नाहीं. तो शुद्ध करूनच लिहील.

पुढें त्या मुलखांतील दोन पेठा तो विशेष म्हणून सांगतो. पहिली पैठण, भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर, आणि ती फार मोठी नगरी आहे. पैठणहून पुष्कळ गोमेद जातीचे खडे येतात. तगराहून जाडेंभरडें कापड पुष्कळ, मलमलीचे नाना प्रकार आणि एक विशिष्ट रंगीत कापड येतें. हा सर्व माल रस्ते नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून गाड्यांवर लादून भडोचेस उतरवितात. आज वसमतेची हळद जशी दूरदेशीं जाते, तसा तेव्हां माणदेशी नव्हे, मावळी नव्हे, तर आपला मराठवाडी माल रोमच्या बाजारांत जात होता. प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें तर तक्रारच लिहून ठेवली आहे कीं हिंदुस्थान दरवर्षीं आपल्या साम्राज्याचीं पांच कोटी सेस्तेर्त नाणीं ओढून घेतो. दागिन्यांवर व वस्त्रांवर बायका पैसा घालवितात हेंहि त्याच्या रडगाण्यांत आहे. म्हणजे हा विषयहि कांहीं नवा नव्हे.

हें तगर कोठलें, यावर पुष्कळ वर्षें वाद चालला. कोणी जुन्नर म्हटलें, कोणी दौलताबाद, कोणी धारूर. १९०१ सालीं फ्लीटसाहेबांनीं तें धाराशिव जिल्ह्यांतील तेर असल्याचें दाखविलें व तें बहुतेकांनीं मान्य केलें. आपल्या हिंगोलीकरांस तेर सांगावयास नको. गोरोबाकाकांनीं संतांचीं डोकीं थापट्यानें थापटून पाहिलीं आणि आपल्या नरसीच्या नामदेवांचें मडकें कच्चें ठरलें, तें हें तेर. आणि तें कच्चें मडकें पुढें भाजून निघालें तें आपल्या औंढ्यास, विसोबा खेचरांच्या पायाशीं. ज्या गांवचें नांव आपण कीर्तनांत शेंकडों वेळां ऐकलें, त्याच गांवचें कापड बाराशें वर्षें आधीं ग्रीक वहींत नोंदलेलें आहे. तेरेस रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतून उभें राहिलेलें शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेथें रोमन धर्तीचे मातीचे दिवे व दोन सांच्यांत घालून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ति पाहावयास मिळतात.

दुसरी खूण थेट इटलींत सांपडली. इ.स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या राखेखालीं पाँपेई नगर गाडलें गेलें. १९३८ सालीं तेथील एका घरांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति मिळाली, वीतभराहून किंचित उंच, दोन बाजूंस दोन दासी, अंगभर अलंकार. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें, आतां बहुतेक पंडित यक्षी मानतात. १९७३ सालीं जालना जिल्ह्यांत भोकरदन येथें उत्खनन झालें, त्यांत तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ति निघाली. तेरेसहि तिची बहीण शोभेल अशी एक आहे. म्हणून पाँपेईची ती यक्षी भोकरदनच्या कारागिराच्या हातची असावी, असें कांहीं पंडितांचें मत आहे. उलट दिशेचा प्रवासहि आहेच : कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसैदॉन याची कांशाची मूर्ति सांपडली.

मूर्ति डोळ्यांनीं पाहतां येतात. पोथी मात्र वाचावी लागते, आणि येथेंच आपलें घोडें अडतें. पेरिप्लुसचें मुख्य हस्तलिखित एकच, दहाव्या शतकांतलें, जर्मनींत हायडेलबर्ग येथें आहे. लेखनिकाच्या हातून त्यांत चुका झालेल्या आहेत. भडोचेच्या राजाचें नांव त्यांत 'मनबनोस' असें लागतें. पंडितांनीं तर्क केला कीं अक्षरें उलटसुलट झालीं असावीं व मूळ नांव 'नंबनोस', म्हणजे क्षत्रप नहपान असावें. आतां नहपान म्हणजे आपल्या गौतमीपुत्र सातकर्णीचा शत्रु. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांवर चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावर गौतमीपुत्रानें आपला छाप मारलेला होता. आणि नहपानाच्या त्या नाण्यांवर ब्राह्मी व खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरेंहि आहेत. सातवाहनांचा काळ ठरवावयाचा तर नहपानाचा काळ ठरला पाहिजे, आणि त्यासाठीं त्या एका ग्रीक शब्दांतील 'म' आणि 'न' यांचा निवाडा लागतो. हा निवाडा आजवर कोणीं केला ? फ्रेंचांनीं, जर्मनांनीं, इंग्रजांनीं, अमेरिकनांनीं. त्यांचे उपकार आहेतच. परंतु आपल्या पैठणचा कागद आपल्या घरांत कोणासहि वाचतां येऊं नये, आणि त्यावरचा निकाल दर खेपेस परगांवच्या पंचांनीं द्यावा, हें मला बरें वाटत नाहीं. ताईंनीं संबंध विचारला होता, तो हा आहे.

संस्कृत शिकलेल्या मुलीस ही वाट जितकी सोपी आहे, तितकी इंग्लंडांतल्या मुलासहि नाहीं, हें मी संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविल्यामुळें छातीठोकपणें सांगतों. ददामि, दधामि, तिष्ठामि हीं रूपें ग्रीकांत दिदोमि, तिथेमि, हिस्तेमि अशीं आहेत. आपल्या लङ् लकारांत धातूमागें 'अ' लागतो. ग्रीकांत तेथेंच 'ए' लागतो : अभरत्, एफेरे. लिट् लकारांत आपण धातूचें द्वित्व करतों, तेहि करतात : ददर्श, देदोर्के. आत्मनेपद आहे, द्विवचन आहे, विधिलिङ् आहे. ज्या द्विवचनानें आमचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या रडले, तें ग्रीकाच्या वर्गांत पहिल्या दिवशीं ओळखीचें निघेल. इंग्रज मुलास आत्मनेपद म्हणजे काय हें समजावितांना गुरूस घाम फुटतो; आपल्या मुलीस एका वाक्यांत कळेल.

ओळखीचा एक धोकाहि आहे. साम्य दिसलें कीं आपल्या लोकांस फार चढतें. कोणी म्हणतो व्हॅटिकन म्हणजे वाटिका, कोणी म्हणतो सगळें युरोप येथूनच गेलें. असलीं व्याख्यानें गांवोगांव होतात व टाळ्याहि पडतात. खऱ्या अभ्यासाचा उपयोग पाहावयाचा तर एक शब्द घ्या. 'देव' आणि लॅटिन 'देउस' हे सख्खे भाऊ आहेत. 'द्यौः' आणि ग्रीकांचा 'झेउस' हेहि तसेच. परंतु ग्रीकांत देवास 'थेऑस' म्हणतात, आणि देव व थेऑस यांचा कांहींएक संबंध नाहीं, कानास कितीहि सारखे वाटोत. ध्वनींच्या स्थित्यंतराचे नियम आहेत, ते लावले कीं 'थेऑस' बाजूस पडतो. नुसत्या नादावरून सोयरीक जुळवूं नये, हें ही विद्या पहिल्या वर्षींच शिकविते, आणि आजच्या दिवसांत एवढें शिकून मुलगी घरीं परतली तरी शुल्काचा अर्धा भाग वसूल झाला असें मी समजेन.

वाचावयास तिला काय मिळेल, याची यादी देत नाहीं. पण एकत्र कुटुंबास रुचेल असा थोडा भाग सांगतों. रोमन घरांत देवघर असे, कुलदेवतांपुढें रोज नैवेद्य होई. फेब्रुवारी महिन्यांत १३ ते २१ तारखांस पितरांचे दिवस पाळीत. थडग्यापाशीं धान्य, मीठ व फुलें नेऊन ठेवीत, आणि त्या दिवसांत विवाह करीत नसत. आपला पितृपक्ष डोळ्यांपुढें येतो. विवाहांत वधूवरांचे उजवे हात जुळवीत, तें आपलें पाणिग्रहण. वेस्ता देवीचा अग्नि विझूं देत नसत. पण कर्त्या पुरुषाचा अधिकार पाहिला म्हणजे आपण सावध होतों. रोमन बाप जिवंत आहे तोंवर मुलगा पन्नाशीचा झाला तरी त्याच्या मालकीचें कांहीं नसे. सगळी मिळकत बापाची. आपल्याकडे विज्ञानेश्वरानें कल्याणीस बसून मिताक्षरा लिहिली, तींत वडिलार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच मानला. म्हणजे एकत्र कुटुंब दोघांचें, पण आंतली घडी निराळी. घरांतील वकीलमंडळींनीं या विषयावर मुलीशीं एक संध्याकाळ वाद घालून पाहावा.

व्हर्जिल कवीच्या महाकाव्यांत ट्रॉय नगर जळत असतां एनिआस बाहेर पडतो. वृद्ध बाप खांद्यावर, बापाच्या हातांत कुलदेवता, लहान मुलगा बोटाशीं. आपणांस श्रावणबाळ आठवतो. बायको मात्र मागून चालत असते आणि त्या गर्दींत हरवते. हें आपल्या भगिनींच्या नजरेंतून सुटणार नाहीं. सोफोक्लीजच्या नाटकांत अँटिगॉनी राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतास माती देते. राजाचा कायदा मोठा कीं घरचा धर्म मोठा, हा प्रश्न ज्या घरांत वडिलांचा शब्द आणि मुलीची सदसद्बुद्धि यांची गांठ पडते, त्या प्रत्येक घरांतला आहे.

आतां पैसा. या अभ्यासानें नोकरी लवकर लागते असें मी म्हणणार नाहीं. वस्तुसंग्रहालयें, पुरातत्त्वखातें, अध्यापन, ग्रंथसंपादन असे मोजकेच मार्ग आहेत आणि त्यांसाठीं पदवीनंतरहि तीन-चार वर्षें अभ्यास लागतो. हें वडिलांस आधींच ठाऊक असावें. परंतु कंसांतली गोष्टहि त्यांनीं विचारांत घ्यावी. हिंदु उत्तराधिकार कायद्यास २००५ सालीं दुरुस्ती झाल्यापासून वडिलार्जित मिळकतींत मुलीचाहि जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. पुतण्याच्या अभियांत्रिकीस ज्या शेतानें पैसे पुरविले, त्या शेतांत हिचाहि भाग आहे. तेव्हां हा तिच्यावर उपकार करण्याचा प्रश्न नाहीं. तिच्या वांट्याचें पीक कोठें पेरावें याचा प्रश्न आहे, आणि तो तिला समोर बसवून सोडवावा.

तरी कोणत्याहि संस्थेच्या रंगीत पत्रकावर विसंबून शुल्क भरूं नये. मडकें आधीं थापटून पाहावें. संस्थेस लेखी विचारावें कीं ग्रीक किंवा लॅटिन भाषा प्रत्यक्ष शिकवितां काय, आणि किती सत्रें ? सगळें वाचन इंग्रजी भाषांतरावरच भागवीत असतील, तर एवढ्या पैशांत तें घरीं बसून होतें. मूळ भाषा जाणणारा अध्यापक कायमचा आहे, कीं पाहुणा म्हणून वर्षांतून पंधरा दिवस येतो ? संस्कृत व प्राकृत पुढें चालू ठेवतां येईल काय ? नाणीं, शिलालेख, उत्खनन यांशीं कांहीं संबंध येतो, कीं नुसतीं चित्रें पडद्यावर दाखवितात ? दोन वर्षांची भाषा मिळत असेल तर विचार करावा. नसेल तर नांव कितीहि भारदस्त असो, मडकें कच्चें आहे.

तें कच्चें निघालें तर दुसरी वाट आहे, व ती मला कमी प्रतीची वाटत नाहीं. आपला जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेंत येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची सोय झाली आहे. संस्कृत मुख्य व इतिहास दुय्यम, अशी पदवी थोड्या खर्चांत घ्यावी. त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पुरातत्त्व, भाषाशास्त्र किंवा संस्कृत यांपैकीं एक विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करावा; प्राचीन नगरांचें उत्खनन व संस्कृतचा महाकोश, दोन्ही कामें त्या संस्थेनें केलेलीं आहेत. वाचलेल्या पैशांतून मुंबई, तेर, भोकरदन, कार्ले हा प्रवास व्हावा. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत २०२३ च्या डिसेंबरांत ग्रीक, रोमन, इजिप्शियन व असुरियन शिल्पें आपल्या शिल्पांच्या शेजारीं मांडलीं होतीं. असा योग पुन्हा आला तर घरांतील सर्वांनीं मिळून जावें.

वाट कोणतीहि ठरो, ग्रीक वर्णमालेस प्रवेशपत्र लागत नाहीं. अक्षरें २४ आहेत. त्यांतलीं आल्फा, बीटा, थीटा, लँब्डा आणि पाय मुलीला गणितांत व पदार्थविज्ञानांत भेटलेलीं आहेतच. उरलेलीं आठ दिवसांत येतील. मूळ पेरिप्लुस संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतो. त्यांतला ५१ वा परिच्छेद तिनें उघडावा, अक्षरें एकेक लावावीं आणि मामंजींस मोठ्यानें वाचून दाखवावें. पैठण तेथें 'पैथाना' असें लिहिलें आहे, आणि तेर 'तगरा' असें.